खोटं शेतीशास्त्र, फुगवलेली उत्पादनं आणि भूकबळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोव्हिएत शेतीतज्ज्ञ लायसेन्को, चीनमधली माओची 'मोठी झेप' (१९५८ पासूनची झटपट उत्पादनवाढीची मोहीम), तिथली चिमण्यांची कत्तल यांबद्दल मराठीत बरंच फिरतं, पण त्यात अर्धं खरं आणि अर्धं सांगोवांगीचं असतं. नेमकं कुठे काय चुकलं, हे शेती कळणाऱ्या माणसाला पटेल अशा तपशिलात इथे दिलं आहे.

लायसेन्कोमुळेच सोव्हिएत युनियनमध्ये १९३२-३३ चा दुष्काळ पडला, हे खरं का?

नाही. युक्रेन, कझाकस्तान, व्होल्गाचा पट्टा आणि उत्तर कॉकेशस इथली लाखो माणसं तेव्हा मेली ती सक्तीचं सामूहिकीकरण (खाजगी शेती मोडून सामूहिक शेतं करणं) आणि धान्याची जबर वसुली यांमुळे. त्रोफीम लायसेन्को तेव्हा ओडेसातल्या एका संस्थेत काम करत होता. देशाची पेरणी ठरवण्याइतकं वजन त्याला अजून आलेलं नव्हतं.

घडलं ते नेमकं उलटं. शेतीची वाताहत झाल्यावर सरकारला झटपट उत्पादन हवं होतं. नवं वाण तयार करायला दहा-बारा वर्षं लागतात, असं पैदासकार सांगत होते. सरकारने १९३१ मध्ये फर्मान काढलं, चार-पाच वर्षांत करा. लायसेन्को म्हणाला, त्याहूनही लवकर करतो. उपासमारीने त्याला मोठं केलं. त्याच्या कल्पनांनी उपासमारीला थेट हातभार लावला तो पुढे चीनमध्ये, १९५८ ते १९६१ या काळात.

त्याची मूळ पद्धत काय होती?

हिवाळी गहू शरद ऋतूत पेरतात, तो बर्फाखाली थंडी काढतो आणि वसंतात ओंबीवर येतो. थंडी मिळाली नाही तर नुसतं पान वाढतं, ओंबी धरत नाही. लायसेन्कोने सुचवलेला उपाय असा: बियाण्यावर थोडंथोडं पाणी शिंपडायचं, कोंब जेमतेम डोकावेल इतकंच. मग ते बी शेडमध्ये पातळ थरात पसरून शून्य ते दोन-तीन अंश तापमानात पाच ते सात आठवडे ठेवायचं, अधूनमधून फावड्याने उलथायचं आणि वसंतात पेरायचं. वसंती गव्हाला हीच प्रक्रिया कमी दिवसांची.

कागदावर सोपं वाटतं. गावातल्या शेडमध्ये मात्र तापमान चार-पाच अंशांनी वर गेलं की कोंब लांबतात आणि पेरताना मोडतात. खाली गेलं की ओलं बी गोठतं. थर जाड झाला की आतून गरम होतो आणि बुरशी धरते. फुगलेलं बी पेरणीयंत्राच्या नळीत अडकतं, म्हणून यंत्राचं माप बदलावं लागतं. ते बदललं नाही तर एकरी बी कमी पडतं आणि पीक विरळ उगवतं. शिवाय शेकडो क्विंटल बी हाताने उलथायचं म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर माणसं अडकून पडतात.

मग यात खरं काहीच नव्हतं?

होतं, आणि तीच तर गोम आहे. थंडीमुळे फुलोरा येतो ही गोष्ट खरी आहे. जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव गास्नरने १९१८ मध्ये ती पद्धतशीर दाखवली होती. खोटे होते ते त्यावर रचलेले दावे. पहिला दावा असा की त्यामुळे उत्पादन हमखास वाढतं. दुसरा त्याहून मोठा: थंडी दिलेल्या झाडाचा बदललेला स्वभाव पुढच्या पिढीत उतरतो, म्हणून जनुकं वगैरे थोतांड आहे. पुढे मजल इथवर गेली की गव्हाच्या ओंबीत राय धान्याचे दाणे 'तयार होतात'.

आजच्या एपिजेनेटिक्सने लायसेन्को बरोबर ठरला, असं वाचलं. खरं का?

नाही. थंडीने फुलोरा कसा सुटतो हे मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या झाडावर बारकाईने शोधलं गेलं आहे. फुलोरा अडवून धरणारं एक जनुक थंडीत हळूहळू बंद होतं आणि पुढे बंदच राहतं, हा बदल एपिजेनेटिक आहेच, म्हणजे जनुक तेच राहतं, फक्त त्याचं चालू-बंद होणं बदलतं. पण बी तयार होताना ती खूण पुसली जाते आणि पुढच्या पिढीला पुन्हा थंडी लागते. म्हणजे लायसेन्कोने ज्या गोष्टीवर आपली इमारत उभी केली, नेमकी तीच वारशाने जात नाही.

इतकी वर्षं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

आलं होतं. सामूहिक शेतांच्या अध्यक्षांना प्रश्नावल्या पाठवायच्या आणि त्यांनी भरून दिलेली 'वाढ' बेरजेत धरायची, हा लायसेन्कोचा पुरावा. शेजारी साध्या बियाण्याचा तुकडा नाही, एकाच वाणाच्या तीन-चार पुनरावृत्ती नाहीत, आणि वाढ झाली नाही असं लिहिणारा अध्यक्ष तोडफोड केल्याच्या आरोपात जायचा. १९३० च्या दशकात पैदासकार कॉन्स्टान्टिनोव्ह आणि सहकाऱ्यांनी अनेक केंद्रांवरच्या पाच वर्षांच्या चाचण्या मांडल्या. सरासरी फरक जवळजवळ शून्य होता. कुठे थोडं वाढलं, कुठे तितकंच घटलं.

पण फेब्रुवारी १९३५ मध्ये शेतकऱ्यांच्या एका अधिवेशनात लायसेन्कोने आपल्या टीकाकारांना वर्गशत्रू ठरवलं आणि समोर बसलेल्या स्टालिनने 'शाबास' म्हटलं. तिथून वाद शेतातला राहिला नाही. जगभरच्या पिकांचं बियाणं गोळा करणारे निकोलाय वाविलोव्ह १९४० मध्ये पकडले गेले आणि २६ जानेवारी १९४३ रोजी साराटोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून वारले. ऑगस्ट १९४८ मध्ये कृषी अकादमीच्या बैठकीत लायसेन्कोने जाहीर केलं की त्याचं भाषण पक्षाच्या केंद्रीय समितीने वाचून मंजूर केलं आहे. त्यानंतर जनुकशास्त्र शिकवणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. स्टालिननंतरचे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह पायउतार झाल्यावर, १९६५ मध्ये, एका चौकशी समितीने लायसेन्कोच्या शेताच्या नोंदी तपासल्या तेव्हा कुठे त्याचा दबदबा संपला.

चीनमध्ये हे कसं पोचलं?

१९५० च्या दशकात सोव्हिएत सल्लागार, पाठ्यपुस्तकं आणि संस्था यांच्यामार्फत. १९५६ मध्ये छिंगताओ इथल्या परिषदेत चिनी जनुकशास्त्रज्ञांना थोडी मोकळीक मिळाली होती, पण पुढच्याच वर्षी 'उजव्यां'विरुद्ध मोहीम सुरू झाली आणि बोलणारे गप्प झाले. १९५८ मध्ये माओने शेतीची आठ कलमी सनद दिली: जमीन, खत, पाणी, बी, दाट लागवड, पीक संरक्षण, मशागत, अवजारं. यादीत चुकीचं काही वाटत नाही. पाणी, खत, बी यांना कोण नाही म्हणेल? नुकसान केलं ते दाट लागवडीने आणि जमिनीच्या नावाखाली आलेल्या खोल नांगरटीने, कारण दोन्हींना 'जितकं जास्त तितकं चांगलं' हा नियम लावला गेला आणि तो सगळ्या मुलखाला सारखाच लावला गेला.

दाट लागवडीत चूक काय? आपणही रोपांची संख्या वाढवतोच की.

एका मर्यादेपर्यंत. विरळ भातात चूड (एका जागी लावलेल्या रोपांचे पुंजके) वाढवले तर उत्पादन वाढतं. पण भात आणि गहू स्वतःच फुटवे काढून मोकळी जागा भरून काढतात, म्हणून त्या मर्यादेपुढे रोपं वाढवून हाती काही लागत नाही. आणखी पुढे गेलं की उलटी गिनती सुरू होते. वरची पानं सगळा उजेड खातात. खालची पानं पिवळी पडतात, पण श्वसन चालूच असल्याने झाडाचंच अन्न जाळतात. उजेडाच्या ओढीने खोड लांब आणि बारीक होतं, लोंबी भरायच्या वेळी जरा वारा आला की पीक लोळतं. आत वारा खेळत नाही, ओल टिकते, मग करपा आणि बुरशी. लोंब्या लहान, दाणे पोचट.

यामागची लायसेन्कोची कल्पना अशी होती की एकाच जातीची झाडं एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत, उलट एकमेकांना मदत करतात. राजकीय कानांना हे फार गोड वाटायचं, कारण एका वर्गाची माणसंही आपसांत भांडत नाहीत ना! याच कल्पनेवर सोव्हिएत युनियनमध्ये १९४८ नंतर ओकची रोपं पुंजक्यांनी लावली आणि त्यातली बहुतेक मेली. ओकची रोपं मेली तर जंगल होत नाही, एवढंच. भाताच्या आणि गव्हाच्या शेतात मात्र आधी कित्येक पट बियाणं मातीत जातं. ते बियाणं म्हणजे कोणाच्या तरी ताटातलं धान्यच असतं.

आणि खोल नांगरटीत?

साधी नांगरट १५-२० सेंटिमीटरची. चीनमध्ये १९५८ च्या शरदात एक मीटर आणि काही ठिकाणी त्याहूनही खोल खणायचे हुकूम गेले. कारण सांगितलं गेलं की मुळं खोल गेली की पीक मोठं होईल.

हिशेब करून पाहा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. एक मीटर खणलं तर ४,०४७ घनमीटर, म्हणजे साधारण साडेपाच हजार टन माती वरखाली करायची. तीही बहुतेक कुदळ-फावड्याने, आणि उभं पीक कापणीला आलेलं असताना. त्याच सुमारास गावोगाव घरगुती भट्ट्यांत लोखंड वितळवायची मोहीमही चालू होती. रताळी जमिनीतच राहिली, भात शेतात झडला.

जमिनीचंही नुकसान होतं. सेंद्रिय अंश असलेली वरची वीतभर माती खाली गाडली जाते आणि खालचा निर्जीव थर, कुठे चुनखडीचा, कुठे खारवट, वर येतो. भातखाचरात तर चिखलणीने तयार झालेला घट्ट तळ फुटतो आणि पाणी थांबतच नाही. कोकणातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

'स्पुटनिक शेतं' म्हणजे काय?

विक्रमी उत्पादनाची बातमी म्हणजे शेतातून उपग्रह सोडला, असं म्हणायची पद्धत पडली होती. ऑगस्ट १९५८ मध्ये हूपे प्रांतातल्या माछंगने भाताचं उत्पादन मूला ३६,९५६ चिन जाहीर केलं. सप्टेंबरमध्ये क्वांगशीतल्या ह्वानच्यांगने १,३०,४३४ चिनचा आकडा दिला. चिन म्हणजे अर्धा किलो, मू म्हणजे हेक्टरचा पंधरावा भाग. म्हणजे दुसरा दावा हेक्टरी सुमारे ९७८ टनांचा झाला. चीनमध्ये आज, संकरित भात आणि भरपूर खत असतानाही, सरासरी हेक्टरी सात टनांच्या आसपास आहे.

९७८ टन म्हणजे चौरस मीटरला ९८ किलो. तेवढं भात शेतभर सारखं पसरलं तर सुमारे १७ सेंटिमीटरचा थर होतो. चार महिन्यांत त्या चौरस मीटरवर जितकी सौर ऊर्जा पडते, तिचा साधारण ७० टक्के भाग एकट्या दाण्यात साठायला हवा. भात-गव्हासारख्या पिकांची सैद्धांतिक कमाल ४.६ टक्के आहे, आणि प्रत्यक्षात शेतात त्याच्या निम्मीही क्वचित मिळते.

मग हे 'पीक' पाहणाऱ्यांना दिसलं ते काय?

पक्वतेला आलेलं भात आजूबाजूच्या अनेक शेतांतून मुळासकट उपटून एका शेतात खेटून उभं करायचं. पाहणी होईपर्यंत ते सडू नये म्हणून मध्ये वारा घालायचा. वजन करताना एकच पोतं फिरवून पुन्हा काट्यावर चढवायचं. भाताच्या लोंब्यांवर मुलं उभी असलेला फोटो छापून आला, त्यात खाली आधार लपवलेला होता. आणि उपटलेल्या त्या सगळ्या शेतांचं खरं उत्पादनही या खेळात वाया गेलं.

शास्त्रज्ञांपैकी कोणीच बोललं नाही?

काही गप्प बसले, काहींनी साथ दिली. क्षेपणास्त्रांचे तज्ज्ञ छिएन श्वेसन यांनी जून १९५८ मध्ये लेख लिहिला की सौर ऊर्जेचा ३० टक्के भाग पिकाने वापरला तर उत्पादन वीस पटींहून जास्त वाढू शकतं. गुणाकार बरोबर होता. तो ३० टक्के आकडा मात्र कुठल्याही पिकाच्या आवाक्यातला नव्हता, आणि पिकांचा अभ्यास हा त्यांचा विषयही नव्हता. भाताचा साधा वाफा पिकवणाऱ्या कोणालाही विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, पण विचारायचं धाडस उरलं नव्हतं. १९५९ च्या उन्हाळ्यात लूशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री फंग ते-ह्वाय यांनी माओला पत्र लिहून शंका मांडल्या, तर त्यांचंच पद गेलं. त्या पत्रानंतर 'उजव्या प्रवृत्ती'विरुद्ध नवी मोहीम निघाली आणि सावरायची संधी असलेलं एक वर्ष वाया गेलं.

पीक थोडं घटलं तर कोट्यवधी माणसं कशी मरतात?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. नुसत्या चुकीच्या लागवडीने एवढी माणसं मेली नसती. माणसं मेली ती खोट्या आकड्यावर लावलेल्या लेव्हीमुळे, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या धान्यवसुलीमुळे.

समजा गावात खरं उत्पादन १०० पोती. वरून दबाव म्हणून गावाने लिहिलं २५०. सरकारचा वाटा ३० टक्के, म्हणजे ७५ पोती उचलली. उरली २५. त्यातली १० बियाण्याला. वर्षभर खायला १५, जिथे खरा हिशेब लावला असता तर ६० राहिली असती. गावाने 'नाही' म्हटलं तर अधिकारी म्हणणार, २५० पिकलंय ना? म्हणजे तुम्ही लपवलंय. १९५९ च्या सुरुवातीला लपवलेलं धान्य शोधायची मोहीमच निघाली, घरं खणली गेली, मारहाण झाली.

देशाच्या पातळीवर तेच झालं. १९५८ चं उत्पादन आधी ३७.५ कोटी टन सांगितलं गेलं, खरं होतं २० कोटींच्या आसपास. धान्य उदंड झालं, ठेवायचं कुठे, अशी काळजी पडल्याने १९५९ मध्ये पेरणीचं क्षेत्रच कमी केलं. उत्पादन १७ कोटींवर आलं, १९६० मध्ये साडेचौदा कोटींच्याही खाली. १९५९ मध्ये सरकारने मात्र उत्पादनाचा जवळपास ४० टक्के भाग उचलला, आणि त्या वर्षी ४० लाख टनांहून जास्त धान्य निर्यात झालं. सामूहिक भोजनालयांमुळे घरात शिधा उरला नव्हता, चूलही नव्हती. हनानमधल्या शिनयांगला सुमारे ८० लाखांच्या वस्तीतली १० लाखांच्या आसपास माणसं मेली, सरकारी कोठारांत धान्य असताना.

एकूण किती मेले?

अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. बरेच अभ्यासक तीन कोटींच्या आसपास थांबतात. प्रांतांतला फरक बोलका आहे. अधिकृत आकड्यांप्रमाणे १९६० मध्ये देशाचा मृत्युदर हजारी २५ च्या वर होता, आनह्वे प्रांतात ६८ च्या वर. पाऊस सगळीकडे सारखा नव्हता हे मान्य, पण एवढी तफावत पावसाने पडत नाही. चीनचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओछी यांनी १९६२ मध्ये तीन भाग निसर्ग, सात भाग माणूस असं मान्य केलं.

चिमण्या मारल्या म्हणून दुष्काळ पडला ना?

गोष्ट रंगतदार आहे म्हणून ती जास्त सांगितली जाते. १९५८ मध्ये उंदीर, माश्या आणि डासांबरोबर चिमण्याही शत्रू ठरल्या. थाळ्या वाजवून त्यांना बसूच द्यायचं नाही, दमून खाली पडेपर्यंत. पक्षीतज्ज्ञ चंग त्सुओ-शिन यांनी चिमण्यांच्या पोटातलं अन्न तपासलं होतं. विणीच्या काळात पिल्लांना प्रामुख्याने किडे भरवले जातात. १९६० मध्ये यादीतून चिमणी काढून ढेकूण घातला. चिमण्या गेल्याने काही भागांत कीड वाढली असणार, पण लेव्हीपुढे हे कारण दुय्यम आहे.

याचा भारताशी काही संबंध?

आहे, आणि मराठी वाचकाला अभिमान वाटावा असा. पीक किती आलं हे पुढाऱ्याला न विचारता मोजायचं कसं, यावर १९४० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि व. गो. पानसे यांनी काम केलं. गाव, गट आणि शेतातला तुकडा हे तिन्ही यदृच्छेने निवडायचे, ठरलेल्या मापाचा आयत आखायचा, कापायचा, मळायचा आणि वजन करायचं. तुकडा आधीच ठरलेला असल्याने रस्त्याकडेचं चांगलं शेत निवडायची मुभा राहत नाही. आपल्याकडचे पीक कापणी प्रयोग याच पद्धतीचे.

चीनलाही हे ठाऊक होतं. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय डिसेंबर १९५६ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत येऊन गेले, पुढच्या वर्षी त्या संस्थेचे संस्थापक महालनोबिस चीनला गेले. १९५८ मध्ये मात्र तिथल्या सांख्यिकी कचेऱ्या स्थानिक पक्ष समित्यांच्या हाताखाली गेल्या. लक्ष्य ठरवणारा आणि वजन करणारा एकच झाला.

१९७२ ला महाराष्ट्रातही पीक बुडालं. मग तसं का झालं नाही?

कारण बुडालेलं पीक बुडालं असंच लिहिलं गेलं. पैसेवारी लागली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, विधानसभेत सरकारला जाब विचारला गेला, मोर्चे निघाले. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. हाल प्रचंड झाले. खडी फोडणं, सुकडी, मिलो हे जुन्या माणसांना विचारा. पण चीनसारखे मृत्यू झाले नाहीत.

श्रीलंकेचं २०२१ चं प्रकरण याच जातीचं का?

अंशतः. सेंद्रिय शेती हे थोतांड नाही. दहा वर्षांत करायचं म्हणून सांगितलेला बदल मे २०२१ मध्ये रासायनिक खतांवर बंदी घालून एका फटक्यात लादला, चूक ती होती. १०० किलो नत्रासाठी २१७ किलो युरिया लागतो. एक टक्का नत्राचं कंपोस्ट १० टन लागतं, आणि त्यातलाही थोडाच भाग पहिल्या हंगामात पिकाला मिळतो. एवढं कंपोस्ट देशात नव्हतं. भात घटला, तांदूळ आयात करावा लागला. पण तिथे शेतकरी रस्त्यावर उतरले, तज्ज्ञ उघड बोलले आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने माघार घेतली. सहा महिन्यांत चूक कळणं आणि तीन वर्षं ती लपवणं, एवढा हा फरक.

एखादी 'चमत्कारी' पद्धत आपल्या शेतात तपासायची कशी?

एकाच वाणाचे, एकाच दिवशी पेरलेले गुंठा-गुंठ्याचे आठ तुकडे घ्या, म्हणजे शेजारी-शेजारी चार जोड्या. प्रत्येक जोडीत कुठल्या तुकड्याला नवी पद्धत द्यायची ते नाणं उडवून ठरवा, नाहीतर हात आपोआप चांगल्या जमिनीकडे जातो. बाकी खत, पाणी, खुरपणी सारखी ठेवा. कापणीला कडेच्या दोन ओळी सोडून द्या, तिथे उजेड जास्त मिळतो आणि पीक फसवं दिसतं. वजन कोणी दुसऱ्याने करावं आणि कुठलं पोतं कुठलं हे त्याला सांगू नये. भाताची ओल मोजून १४ टक्क्यांवर आणा: वजन गुणिले (१०० वजा ओल) भागिले ८६. २० टक्के ओलीचं ५० किलो भात म्हणजे साडेसेहेचाळीस किलोच.

चारही जोड्यांत नवी पद्धत पुढे निघाली तरी निव्वळ योगायोगाने तसं होण्याची शक्यता १६ त १ असते, म्हणून आणखी एक हंगाम तेच करून पाहा आणि वाढलेल्या उत्पादनातून वाढलेली मजुरी वजा करा. पद्धत सांगणारा माणूस शेजारचा साधा तुकडा ठेवू देत नसेल, तर पुढचं ऐकत बसू नका.